परकीय न्यायनिर्णयांची अंमलबजावणी (नागपूर व विदर्भ)

परदेशी न्यायालयाने व्यापारी वादात दिलेला हुकूमनामा भारतातील ऋणकोच्या मालमत्तेवर बजावण्याची प्रक्रिया. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलमे १३, १४ व ४४-अ हा तिचा मुख्य आधार होय. अशा निर्णयाला मान का द्यावा, याविषयी दोन मते आहेत : एक राष्ट्राराष्ट्रांतील सौजन्याचे, तर दुसरे असे की, सक्षम न्यायालयाने ठरविलेली रक्कम हे प्रतिवादीवरील स्वतंत्र ऋणच असते. कलम १३ मध्ये परस्परतेची, म्हणजे दोन्ही देशांनी एकमेकांचे निर्णय मान्य करण्याची, अट नसल्याने त्या कलमापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कलम ४४-अ मात्र सर्वस्वी परस्परतेवर उभे आहे.

विदर्भात ‘परकीय न्यायालय’ कोणते, हा प्रश्न एके काळी बराच गुंतागुंतीचा होता. भोसल्यांचे राज्य १८५३-५४ च्या सुमारास खालसा झाले आणि नागपूरला ९ जानेवारी १९३६ रोजी स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला व १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला, तरी त्याचे सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाकडेच होते. त्यामुळे अकोला वा अमरावती येथील न्यायालय काटेकोर अर्थाने ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचे ठरे. तथापि गव्हर्नर-जनरलने स्थापन केलेली किंवा चालू ठेवलेली न्यायालये संहितेच्या व्याख्येतूनच वगळलेली असल्याने वऱ्हाडातील न्यायालये परकीय मानली जात नसत. बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडताच येणारे राजुरा मात्र निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात असल्यामुळे तेथील न्यायालय परकीय ठरे. संस्थाने विलीन झाल्यावरही असे वाद पूर्णपणे मिटले नाहीत : ग्वाल्हेरच्या शितोळे घराण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ग्वाल्हेर न्यायालयाचा १९४८ चा एकतर्फी हुकूमनामा उत्तर प्रदेशातील प्रतिवादींविरुद्ध अंमलबजावणीयोग्य मानला नाही.

ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, न्यूझीलंड आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिराती इत्यादी अधिसूचित (भारत सरकारने परस्परतेच्या आधारे जाहीर केलेल्या) प्रदेशांतील वरिष्ठ न्यायालयांचा हुकूमनामा कलम ४४-अ अन्वये थेट जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. दरखास्तीसोबत (अंमलबजावणीच्या अर्जासोबत) हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल आणि किती रक्कम वसूल झाली याचा त्याच न्यायालयाचा दाखला जोडावा लागतो. त्यानंतर तो नागपूरच्या जिल्हा न्यायालयानेच दिला असल्याप्रमाणे जप्तीची कारवाई चालते. कर व दंडाच्या रकमा यातून वगळलेल्या आहेत. नाशिक जिल्हा न्यायालयातून सुरू झालेल्या अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स प्रकरणात इंग्लंडच्या न्यायालयाचा केवळ खर्चाविषयीचा आदेशही बजावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ठरविले. अमेरिका, चीन यांसारख्या अधिसूचित नसलेल्या देशांतील निर्णयासाठी त्याच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत येथे नवा दावा लावावा लागतो.

परकीय निर्णय निर्णायक मानण्याला कलम १३ मध्ये असलेल्या सहा अपवादांपैकी अधिकारक्षेत्राचा अभाव आणि गुणवत्तेवर, म्हणजे वादाच्या मूळ मुद्द्यांवर, निर्णय नसणे, हे दोन व्यवहारात महत्त्वाचे ठरतात. परदेशी समन्स आले तरी हजर न होणे हा बचाव म्हणून धोक्याचा आहे. परक्या प्रदेशातील गैरहजर प्रतिवादीविरुद्धचा निर्णय बाहेर शून्यवत होय, असे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) फरीदकोट प्रकरणात (१८९४) म्हटले असले, तरी ज्याने करारानेच त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले आहे, त्याला या तत्त्वाचा आश्रय सहसा मिळत नाही. पुरावा न तपासता केवळ गैरहजेरीमुळे दिलेल्या हुकूमनाम्याची गोष्ट वेगळी आहे; तो गुणवत्तेवरचा निर्णय ठरत नाही. मुदतीविषयी बँक ऑफ बडोदा प्रकरणाने (२०२०) मूळ देशाची मुदत निर्णायक मानली. लंडनचा १९९५ चा हुकूमनामा तेथील सहा वर्षांची मुदत उलटल्यामुळे येथे बजावता आला नाही.

परदेशी लवाद निवाड्यांचा मार्ग निराळा आहे. १९५८ च्या न्यूयॉर्क करारातील निवाडा कलम ४४-अ खाली येत नाही. लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ अन्वये त्यासाठी अर्ज करावा लागतो व २०१५ च्या दुरुस्तीपासून तो उच्च न्यायालयात, म्हणजे विदर्भातील ऋणकोच्या बाबतीत सामान्यतः मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, करावयाचा असतो. मध्यस्थीतून झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारी तडजोडींविषयीच्या सिंगापूर मध्यस्थी करारावर भारताने ७ ऑगस्ट २०१९ रोजी स्वाक्षरी केली आहे.