पिंपातलं तळं

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे अंगणात दोनशे लिटरचं पिंप नसलेलं घर सापडणं अवघड. माझ्या मावसभावाने त्यातलं एक पिंप होडीच्या इंजिनांसाठी राखून ठेवलंय. उजनीच्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांची इंजिनं त्याच्याकडे दुरुस्तीला येतात. नुसतं चालू करून बघायला दर वेळी धरणावर कोण जाणार?

होडीच्या मागे अडकवायचं हे आउटबोर्ड इंजिन बहुधा पाण्यावर थंड होतं, आणि त्याच्या पायात रबरी पाकळ्यांचा एक पंप असतो. तो बाहेरचं पाणी ओढून सिलिंडरभोवती फिरवतो. त्या रबराला ओलावाही त्याच पाण्याचा. ‘जरा सुरू होतंय का बघू’ म्हणून कोरड्यात दोरी ओढली, तर पाकळ्या घासून तापतात आणि बघता बघता खराब होतात. म्हणून होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती पूर्ण बुडेल इतकं पाणी पिंपात लागतं. इंजिन सुरू झालं की भावाची नजर मागच्या बारीक धारेवर. धार आली म्हणजे पंप पाणी चढवतोय. सिलिंडरभोवतीच्या सगळ्या वाटा मोकळ्या आहेत, असं मात्र ती धार सांगत नाही. बोअरचं जड पाणी तापलं की गिझरमध्ये बसतो तसाच चुना या वाटांतही बसतो.

एकदा त्याने पंखा न काढताच गिअर टाकला. पाणी भोवऱ्यासारखं फिरलं, कडेवरून उसळलं आणि अर्धं पिंप अंगणात! तळ्यात होडी पुढे सरकते, पंख्याला सतत नवं पाणी भेटतं. इथे तेच पाणी पंख्याबरोबर गोल फिरतं, त्याची पकड सुटते आणि इंजिनाचे फेरे भलतंच सांगायला लागतात. त्यात बऱ्याच इंजिनांचा धूर पंख्याच्या मधूनच पाण्यात सुटतो. पाण्याचा फेस होतो, पंप तोच फेस ओढतो, आणि फेसाला उष्णता वाहून नेणं कुठलं जमायला? इंजिन पाण्यात उभं राहून तापतं. म्हणून पंखा काढायचा, गिअर न्यूट्रलला ठेवायचा आणि इंजिन हळू चालवायचं. ताकद किती, हे पिंपात कळत नाही.

ज्यूल या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८४०च्या दशकात पाण्यात वल्ही फिरवून दाखवलं होतं, की घुसळण्याची मेहनत शेवटी उष्णताच होते. आपल्या पिंपात त्यापेक्षा मोठी भट्टी बुडवलेली असते. अर्धा लिटर पेट्रोल जळलं की साधारण १.६ कोटी ज्यूल (त्याच्याच नावाचं ऊर्जेचं माप) बाहेर पडतात. त्यातले निम्मे पाण्यात गेले असं धरू. दोनशे लिटर पाणी एक अंशाने तापायला साडेआठ लाखांच्या आसपास ज्यूल लागतात, म्हणजे पाणी नऊ-दहा अंशांनी चढलं. मे महिन्यात सोलापुरातलं पिंप आधीच कोमट. त्यात इंजिनाला थंडावा कसला मिळणार? म्हणून चाचणी थोडक्यात उरकायची, आणि तीही उघड्यावर. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद शेडमध्ये तो जीव घेऊ शकतो.

टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. त्यातलं न जळलेलं पाण्यावर येतं आणि रंगीत तवंग पसरतो. मावशी ते पाणी तुळशीला घालू देत नाही, आणि भाऊ ते ओतून देत नाही. झाकण लावून पुढच्या इंजिनासाठी ठेवतो, कारण नळाला पाणी परवा यायचं असतं.