मर्यादा घालणाऱ्यांना मर्यादा कोण घालणार? एका वादाची नागपुरी पार्श्वभूमी

संसद मोठी की राज्यघटना मोठी, हा वाद आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने पेटतो. तो पेटला की केशवानंद भारती खटल्याची आठवण निघते. केरळातला मठ, तेरा न्यायमूर्तींचे खंडपीठ, नानी पालखीवालांचे युक्तिवाद आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने लागलेला निकाल. संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, हे सूत्र त्या दिवशी पक्के झाले. मात्र त्यामागची शंका आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात त्याआधी साडेआठ वर्षे उतरली होती, आणि ती उतरवणारे दोन्ही न्यायमूर्ती नागपूरच्या उच्च न्यायालयात घडलेले होते. विदर्भात ही गोष्ट फारसे कुणी मिरवत नाही. संत्री, उन्हाळा आणि अनुशेष यांतून आम्हाला सवड होत नसावी.

सत्ता बेलगाम असू नये हा विचार अर्थातच फार जुना. मराठी माणसाला त्यासाठी रामशास्त्री प्रभुणे पुरतात. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले, ही कथा शाळेतच भेटते. तिचा उत्तरार्ध आपण जरा हळू आवाजात सांगतो. राघोबादादा त्यानंतरही पेशवे झालेच. शास्त्रीबुवांच्या शब्दामागे त्यांचे स्वतःचे तेज होते, पण तो शब्द अमलात आणणारी संस्था नव्हती. राज्यकर्त्याला ‘इथपर्यंतच’ असे सांगणारी आणि ते सांगून पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसणारी यंत्रणा आपल्याकडे बऱ्याच उशिरा आली.

नागपुरात ती १९३६ मध्ये आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी स्वतंत्र उच्च न्यायालय त्या वर्षी जानेवारीत सुरू झाले. पुढे सहाच वर्षांत त्याची परीक्षा लागली. १९४२च्या आंदोलनात चिमूर, आष्टी पेटले, तुरुंग भरले आणि युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांखाली माणसे विनाचौकशी आत डांबली जाऊ लागली. सरकारचे म्हणणे सोपे होते. युद्ध चालू आहे, अधिकाऱ्याला धोका वाटला एवढे पुरे, न्यायालयाने आत डोकावू नये. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ते मानले नाही. स्थानबद्धता कायद्याला धरून आहे की नाही हे तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार युद्धाने बुडत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

याच मालिकेतला एक खटला मराठी वाचकांना माहीत असायला हवा, कारण त्यातला कैदी मराठी लेखक होता. पु. य. देशपांडे यांना नियम १२९ खाली संशयावरून अटक झाली. त्यांच्या पत्नी विमलाबाई देशपांडे यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. संशय वाजवी होता हे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने न्यायालयाला पटवून दिले पाहिजे, त्याच्या मनाला वाटले हे पुरेसे नाही, असा न्याय नागपूरने दिला. सरकार चिडून लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेले आणि १९४६ मध्ये तिथेही हरले. याचे वजन कळायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. खुद्द इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४१ मध्ये लिव्हर्सिज खटल्यात गृहमंत्र्याच्या ‘मला वाटले’ या शब्दापुढे मान तुकवली होती. एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी विरोधी मत नोंदवले होते. ज्यांच्याकडून आपण कायदा शिकलो ते कचरले तेव्हा नागपूर कचरले नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या दोन न्यायमूर्तींपैकी पहिले, मोहम्मद हिदायतुल्ला, या काळात तरुण बॅरिस्टर म्हणून इथेच वकिली करत होते. मॉरिस कॉलेजात शिकलेले, केंब्रिजहून परतलेले आणि काही वर्षे इथल्या विधी महाविद्यालयात शिकवणारेही. १९४३ मध्ये ते प्रांताचे ॲडव्होकेट जनरल झाले, म्हणजे सरकारची बाजू मांडणे हेच त्यांचे काम. पुढे १९४६ मध्ये ते न्यायमूर्ती झाले आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती. दुसरे होते अमरावतीचे जनार्दन रघुनाथ मुधोळकर. १९१२च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रावबहादूर मुधोळकर हे त्यांचे वडील.

आता जमिनीकडे वळावे लागते, कारण संसदेच्या मर्यादेचा सगळा वाद उगवला तो जमिनीतून. इंग्रजांनी १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात नागपूर प्रांतात गावोगावचा वसूल गोळा करणाऱ्यांना गावाची मालकीच देऊन टाकली. हे मालगुजार. स्वातंत्र्यानंतर राज्याचे नाव मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली आणि १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपवली गेली. (मालगुजारांबरोबर त्यांच्या तलावांची देखभालही गेली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव आजही गाळाने भरलेले दिसतात. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) जमीनदार ठिकठिकाणी न्यायालयात गेले. पाटण्याने बिहारचा कायदा रद्द ठरवला. अलाहाबादने उत्तर प्रदेशचा आणि नागपूरने मध्य प्रदेशचा कायदा उचलून धरला.

म्हणजे सरकारच्या अंगणात घुसून माणसे सोडवणारे न्यायालय जमीनदारांच्या मागे उभे राहिले नाही. हे विसरून चालणार नाही, कारण मूलभूत हक्कांची बाजू घेणारे न्यायाधीश म्हणजे श्रीमंतांचे रखवालदार, असा आरोप पुढे सर्रास झाला. नागपूरपुरता तरी तो टिकत नाही.

पाटण्याच्या निकालाने दिल्ली बेचैन झाली होती. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि घटनेला नववे परिशिष्ट जोडले गेले. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांविरुद्ध आहे म्हणून रद्द करता येणार नाही, अशी ही तिजोरी. सुरुवातीला तिच्यात तेरा कायदे ठेवले आणि मध्य प्रदेशचा मालगुजारी संपवणारा कायदा त्यांतला आठवा. त्याच वर्षी ऑक्टोबरात शंकरीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीवर एकमताने शिक्का मारला. संसद मूलभूत हक्कही बदलू शकते, असे ठरले.

कायदामंत्री म्हणून या दुरुस्तीचे समर्थन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले होते. त्यांच्या नावाने दोन्ही बाजू आज भांडतात, म्हणून २५ नोव्हेंबर १९४९चे त्यांचे घटना समितीतले भाषण नीट वाचायला हवे. त्यात ते जेफरसनचा दाखला देतात. प्रत्येक पिढी हे एक वेगळे राष्ट्रच असते, तिला बहुमताने स्वतःला बांधून घेण्याचा अधिकार आहे, पण पुढच्या पिढीला बांधण्याचा नाही. घटना अपरिवर्तनीय ठरवून नातवंडांचे हात बांधू नका, असा त्याचा रोख. त्याच भाषणात थोडे पुढे जॉन स्टुअर्ट मिल येतो. कितीही थोर माणूस असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, विभूतिपूजा राजकारणात अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा इशारा येतो. बहुमताला मोकळे सोडा आणि बहुमतावर स्वार होणाऱ्यापासून सावध राहा, या दोन गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. त्यांतली एकच उचलून घोषणा बनवणाऱ्यांची मला गंमत वाटते.

बाबासाहेबांच्या स्वभावात ही दुहेरी जाण होतीच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी ज्या बुद्धाचा धम्म स्वीकारला, त्याने मानवी विचारालाही हद्द घातली होती. जग सान्त की अनन्त, या प्रश्नाला बुद्धाने उत्तर दिले नाही. विषारी बाण लागलेल्याने बाण मारणाऱ्याची जात आणि गाव विचारत बसावे का, आधी बाण काढावा, असे तो मालुंक्यपुत्र या शिष्याला म्हणाला. युरोपात तत्त्वज्ञ कान्टने १७८१ मध्ये बुद्धीची हद्द वेगळ्या वाटेने आखली, पण बुद्धाचा भर दुःख कमी करण्यावर होता आणि बाबासाहेबांना तोच जवळचा वाटला. दीक्षेनंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ला, राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. नागपूरची राजधानी गेली. उच्च न्यायालय जबलपूरला हलले आणि इथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. हिदायतुल्ला नव्या मध्य प्रदेशाचे मुख्य न्यायमूर्ती होऊन जबलपूरला गेले आणि १९५८ मध्ये दिल्लीला. १९६० मध्ये मुधोळकरही तिथे पोचले.

१९६४ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि तिजोरीत आणखी ४४ कायदे पडले. महाराष्ट्राचा १९६१चा शेतजमीन कमाल धारणा कायदा, ज्याला खेड्यात नुसते ‘सीलिंग’ म्हणतात, तो त्यांतच. राजस्थानातून सज्जनसिंग यांच्या नावाने आव्हान आले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश गजेंद्रगडकर होते. ऑक्टोबर १९६४च्या निकालात पाचही जणांनी दुरुस्ती वैध ठरवली. पण नागपूरच्या या दोघांनी आपापली स्वतंत्र निकालपत्रे लिहिली.

हिदायतुल्लांनी विचारले, घटनेने मूलभूत हक्कांच्या तिसऱ्या भागात इतकी आश्वासने दिली आहेत, ती विशेष बहुमताच्या हातचे खेळणे आहेत असे कसे मानायचे? मुधोळकरांची शंका अधिक खोल गेली. घटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणे याला दुरुस्ती म्हणायचे की घटनेचा तो भाग नव्यानेच लिहिणे? आणि ते पुनर्लेखन असेल, तर घटनादुरुस्तीची तरतूद असलेल्या कलम ३६८ मध्ये त्याची मुभा आहे का? उत्तर त्यांनी दिले नाही. प्रश्न टेबलावर ठेवला. ‘मूलभूत’ वैशिष्ट्यांची कल्पना त्यांनी कुठून घेतली, हे आजच्या वातावरणात मुद्दाम सांगितले पाहिजे. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३च्या निकालातून. मंत्र्यांना कायदेमंडळातली जागा राखता यावी म्हणून अयुबखानांनी अध्यक्षीय आदेशाने घटनेत फेरफार केला होता. न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांच्या न्यायालयाने तो हाणून पाडला. शत्रू मानलेल्या देशातला चांगला तर्क अमरावतीच्या न्यायमूर्तींनी बिनदिक्कत उचलला.

पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये डीट्रिख कॉनराड या जर्मन प्राध्यापकाने बनारसला व्याख्यान दिले आणि घटनादुरुस्तीच्या अधिकारात गर्भित मर्यादा असतात का, हा प्रश्न हिटलरकाळ पाहिलेल्या देशाच्या अनुभवातून मांडला. १९४९च्या जर्मन घटनेने काही तत्त्वे कायमची दुरुस्तीबाहेर ठेवली होती. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरापैकी सहा न्यायमूर्तींनी मूलभूत हक्कांना हात लावायला संसदेला मनाई केली. हिदायतुल्ला त्या सहांत होते, आणि तरीही मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत घालणे हीच चूक होती, असे त्यांनी तिथेच लिहून ठेवले. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो हक्क त्या यादीतून काढला. त्यांचा सल्ला दहा वर्षे आधी ऐकला असता तर निम्मा वाद मिटला असता, असे माझे मत. केशवानंदच्या पीठावर मात्र शंका काढणाऱ्या या दोघांपैकी कुणीच नव्हते. मुधोळकरांनी १९६६ मध्येच न्यायासन सोडले होते आणि हिदायतुल्ला १९७० मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले होते.

या कथेला केवळ उजळ बाजू नाही. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की स्थानबद्धाला न्यायालयात दादच मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. गुलामीच्या काळात नागपूरच्या न्यायालयाने जे नाकारले होते, ते स्वतंत्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते, ज्यांनी केशवानंदमध्येही मूलभूत चौकटीच्या विरोधात मत दिले होते. त्याच चंद्रचूडांनी सरन्यायाधीश म्हणून १९८०च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात लिहिले की मर्यादित अधिकार मिळालेल्याने तोच अधिकार वापरून स्वतःला अमर्याद करून घेता येत नाही. १९७६चा निकाल रीतसर रद्द व्हायला २०१७ उजाडले. गोपनीयतेच्या हक्काचा निकाल देणाऱ्या त्या नऊ जणांच्या पीठात चंद्रचूडांचे चिरंजीव होते आणि नागपूरचे शरद बोबडेही.

मग न्यायालयांना मर्यादा कुणी घालायची? चौकटीत नेमके काय येते याची यादी कुठेही लिहिलेली नाही, खटल्यागणिक ती वाढते. २०१५ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी आयोग आणणारी घटनादुरुस्ती न्यायालयाने याच चौकटीचा आधार घेऊन रद्द केली. म्हणजे न्यायाधीश कुणी नेमायचे हे न्यायाधीशांनीच ठरवले. मूलभूत चौकटीचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा निकाल खुशीने मिरवू नये, असे मला वाटते.

जमिनीचा धागाही अजून सुटलेला नाही. नवव्या परिशिष्टात आज २८४ कायदे आहेत. कोरडवाहूला ५४ एकर आणि बारमाही ओलिताला १८ एकर ही कमाल धारणेची मर्यादा शेतकऱ्याला बांधून ठेवते, कारखानदाराला अशी मर्यादा नाही, तेव्हा सीलिंग आणि परिशिष्ट दोन्ही रद्द करा, अशी मागणी शेतकरी चळवळीतला एक प्रवाह सतत करतो. भूमिहीनांच्या बाजूने पाहणाऱ्याला हे पटणे कठीण. न्यायालयाने यात एक तारीख आखली आहे. २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात गेलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतात, आधीचे नाहीत. २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी ती रेषा कायम ठेवली. ती पहिल्यांदा आखली गेली १९८०च्या वामनराव खटल्यात, आणि तो खटला महाराष्ट्राच्या याच सीलिंग कायद्यावरचा होता. १९६१चा मूळ कायदा त्या तारखेच्या आधीच परिशिष्टात गेलेला आहे, त्यामुळे त्याविरुद्ध या कसोटीचा आधार घेता येत नाही. तो बदलायचा असेल तर वाट विधिमंडळातूनच जाते.