जर्मन बिअर मग: नाव कोणाचं, साल कसलं?

जुना जर्मन बिअर मग दिसला, वर कोणाचं तरी नाव आणि साल दिसलं, की विकणारा आणि घेणारा दोघंही एकच ठरलेलं वाचन करतात: नाव मालकाचं, साल मगाचं. सैनिकी मगावर हे चालतं. विद्यार्थ्यांच्या मगावर दोन्ही अंदाज सपशेल चुकू शकतात.

सैनिकी मग ओळखीचाच आहे. १८७१ नंतरच्या जर्मन साम्राज्यात शिपाई नोकरी संपवून घरी जाताना तो आठवण म्हणून करून घ्यायचा. रेजिमेंटचं नाव, सोबत्यांची यादी, झाकणावर छोटासा शिपाई. नकला इतक्या निघाल्यात की मी तर हल्ली हातही लावत नाही.

विद्यार्थ्यांच्या मगावर रेजिमेंटऐवजी त्यांच्या संघटनेची, म्हणजे कोअर किंवा बुर्शनशाफ्टची, ढाल आणि रंगीत पट्टे असतात. इतकं कोणालाही दिसतं. घोळ होतो तो अर्पणाच्या ओळीत. हे मग बरेचदा एकमेकांना भेट दिलेले असत. नवा सभासद, ज्याला 'फुक्स' म्हणत, एखाद्या जुन्या सभासदाला आपला 'लाइबबुर्श' म्हणून निवडायचा आणि अशा जोडीत भेटवस्तू चालायच्या. त्या ओळीची ठेवण अशी: एक नाव, मग 'एस. एल.', मग दुसरं नाव. एस. एल. म्हणजे 'झाइनेम लीबेन', आपल्या प्रिय अमक्याला. म्हणजे पहिलं नाव देणाऱ्याचं, मालक दुसरा! लग्नातल्या तांब्यावर 'देशमुखांकडून सप्रेम भेट' कोरलेलं असलं म्हणून तो तांब्या देशमुखांच्या घरचा होत नाही. तरी पहिल्याच नावाचा शोध घेत लोक अख्खी वंशावळ काढतात.

नावापुढच्या फुल्या हुद्द्याच्या: एक फुली पहिल्या पदाधिकाऱ्याची, दोन दुसऱ्याची, तीन तिसऱ्याची. शेजारची उद्गारचिन्हात संपणारी गुंतागुंतीची रेघोटी म्हणजे 'त्सिर्केल', संघटनेची एकात एक गुंफलेली अक्षरं. सभासद सहीपुढेही ती काढत. तिला 'चित्रकाराची सही' म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. कारखान्याचा शिक्का शोधायचा तर मग उलटा करा.

आता साल. ढालीवरचं साल संघटनेच्या स्थापनेचं असू शकतं. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क विद्यार्थीदशेत ज्या ग्यॉटिंगेनच्या हानोफेरा कोअरमध्ये होता ती १८०९ची. जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मची बॉनमधली बोरुसिया १८२१ची, आणि तो तिथे शिकायला गेला १८७७ साली. तेव्हा ढालीवर १८२१ वाचून मगाचं वय ठरवू नका. मगाचा काळ अर्पणाच्या ओळीतल्या विद्यापीठाच्या सत्रावरून कळतो. ही ओळ कथलाच्या झाकणावर कोरलेली असेल तर कृपा करून ते पॉलिशने घासू नका, अक्षरं झिजतात. मला काळवंडलेलं झाकणच आवडतं.

हिवाळी सत्र दोन वर्षांत पसरतं, म्हणून 'डब्ल्यू. एस. १८८९/९०' (डब्ल्यू. एस. म्हणजे हिवाळी सत्र), उन्हाळी सत्राला एकच साल पुरतं. सैनिकी मगावरही तिरपी रेघ असते, पण तिथे १९०४/०६ असं अंतर दिसतं, कारण १८९३ नंतर पायदळाची नोकरी दोन वर्षांची होती, घोडदळाची तीन. अपवाद एक वर्षाच्या स्वयंसेवकांचा. ते बहुधा शिकलेल्या घरचे असत आणि त्यांची सालं हिवाळी सत्रासारखी लागोपाठचीच येतात. तिथे आकड्यांवर विसंबू नका, रेजिमेंटचं नाव आहे का ते बघा.