उपग्रह दूरचित्रवाणी पेट्यांची दूरध्वनी जोडणी

घरातल्या प्रत्येक खोलीतला उपग्रह वाहिन्यांचा सेट-टॉप बॉक्स टेलिफोनच्या लाइनला कायम जोडून ठेवण्याची पद्धत. 1994 नंतरची सुमारे दीड-दोन दशके ती अमेरिका आणि ब्रिटनमध्ये रूढ होती. या वायरचा चित्राशी किंवा आवाजाशी काहीही संबंध नसे. ती काढून टाकली तरी टीव्ही तसाच चालू राहायचा, त्यामुळे ती लावायची कशाला हे बहुतेक ग्राहकांना कधी नीट कळलेच नाही. तिचे खरे काम हिशेबाचे होते: ग्राहकाने काय विकत घेतले आणि त्याच्या नावावरचे सगळे बॉक्स एकाच घरात आहेत का, हे कंपनीला कळवणे.

उपग्रहाकडून छत्रीवर, म्हणजे डिश अँटेनावर, येणारा संकेत एकतर्फी असतो. कंपनी आकाशातून बॉक्सला हुकूम देऊ शकते, एखादी वाहिनी चालू किंवा बंद करू शकते. पण बॉक्सला उलट उत्तर देता येत नाही. केबलवाल्याची वायर घरापासून त्याच्या केंद्रापर्यंत सलग गेलेली असते, त्यामुळे तिथे परतीची सोय करता येते. छत्रीवाल्यांना ती परतवाट उसनी घ्यावी लागली, आणि त्या काळी जवळजवळ प्रत्येक घरात हाताशी असलेली वाट म्हणजे टेलिफोन.

अमेरिकेत डायरेक्टीव्हीची सेवा 1994 मध्ये सुरू झाली. सुमारे 45 सेंटिमीटर व्यासाची छोटी छत्री आणि डिजिटल प्रसारण ही तिची ओळख. तिच्या बॉक्सच्या मागच्या बाजूला, छत्रीच्या केबलशेजारी, साध्या टेलिफोनचा जॅक होता आणि आत एक संथ मोडेम. रिमोटवरून एखादा चित्रपट ‘पे-पर-व्ह्यू’ने, म्हणजे त्या चित्रपटापुरते वेगळे पैसे मोजून, मागवला की तो लगेच दिसू लागे, खरेदीची नोंद बॉक्समधल्या कार्डावर साठून राही. पुढे केव्हातरी, बहुधा रात्री, बॉक्स स्वतःहून कंपनीच्या निःशुल्क क्रमांकावर फोन लावून त्या नोंदी सांगून टाकी. लाइनवर कोणी बोलत असेल तर तो थांबे. मध्येच कोणी रिसीव्हर उचलला तर लाइन सोडून देई. फोन बराच काळ लागलाच नाही तर कार्डावरची मर्यादा भरे आणि रिमोटवरून खरेदी बंद होई. मग ग्राहक सेवेला फोन करून, जास्तीचे शुल्क देऊन चित्रपट मागवावा लागे.

एका खोलीपुरते हे सोपे होते. अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या टीव्हीपासून सुरू झाली. मुख्य बॉक्सची वर्गणी पूर्ण, पण त्याच घरातल्या जादा बॉक्सला त्याच वाहिन्या नाममात्र दरात, डायरेक्टीव्हीकडे बरीच वर्षे महिना 4.99 डॉलरला, मिळत. अट अशी की सगळे बॉक्स एकाच लँडलाइनला जोडलेले हवेत. या अटीमागे कारण होते. एका नावावर पाच बॉक्स घ्यायचे, त्यातले चार मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या घरी बसवायचे आणि बिल वाटून घ्यायचे, हा प्रकार चांगलाच पसरला होता. बॉक्सने फोन केला की तो कोणत्या क्रमांकावरून आला हे कंपनीच्या टोकाला दिसे. पाचही बॉक्स एकाच क्रमांकावरून बोलले तर शंका मिटे. खेळांच्या सामन्यांमुळेही ठिकाणाला महत्त्व होते, कारण काही सामने ठरावीक भागांत दाखवायला मनाई असे.

डिश नेटवर्क या दुसऱ्या अमेरिकी कंपनीची सेवा 1996 मध्ये आली. एकच बॉक्स दोन खोल्यांतल्या टीव्हींना चालवतो अशी तिची काही यंत्रे होती. ती फोनला जोडलेली नसतील तर महिन्याला 5 डॉलर जास्त पडत. हिंदी आणि इतर भारतीय भाषांच्या वाहिन्यांसाठी हीच सेवा घेणारी अनेक मराठी कुटुंबे अमेरिकेत होती, त्यामुळे हा आकार त्यांच्याही बिलात येई.

खोल्याखोल्यांतली वायर ओढणे हे या विषयातले सर्वांत कष्टाचे काम. टेलिफोनचे सगळे जॅक एकमेकांना समांतर जोडलेले असतात. आपल्याकडे एका लाइनवर दुसऱ्या खोलीत ‘पॅरलल’ फोन घ्यायचे, तीच रचना. जुन्या अमेरिकी घरांत भिंतीतल्या केबलमध्ये चार तारा असत: लाल-हिरवी जोडी पहिल्या लाइनसाठी, काळी-पिवळी दुसऱ्यासाठी. बॉक्सला लाल-हिरवी पुरेशी. जॅकजवळ दुहेरी अडॅप्टर लावून एक फाटा फोनला आणि एक बॉक्सला दिला की झाले. पण टीव्ही ज्या भिंतीला असतो तिथे जॅक सहसा नसतोच. मग तळघरातून किंवा माळ्यावरून नवी वायर आणायची, नाहीतर भिंतीच्या कडेने खिळवत न्यायची. भाड्याच्या घरात भोके पाडायला परवानगी नसे.

यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘वायरलेस फोन जॅक’. एक डबी टेलिफोन जॅकजवळच्या विजेच्या प्लगमध्ये, दुसरी टीव्हीजवळच्या प्लगमध्ये; संकेत घराच्या विजेच्या वायरिंगमधून जाई. कल्पना हुशारीची होती आणि नव्या वायरीचा खर्च वाचवणारी होती, पण तिला मर्यादा होत्या. अमेरिकी घरात वीज दोन वेगळ्या शाखांत विभागलेली असते. दोन डब्या वेगवेगळ्या शाखांवर आल्या तर संकेत क्षीण होई. सर्ज प्रोटेक्टरच्या, म्हणजे विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या, पट्टीत डबी खोचली तर ती पट्टी संकेतच गाळून टाकी. डबी थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावायची हा साधा नियम न पाळल्यानेही पुष्कळ जोडण्या फसत. जोडणी झाली की मेनूतली सिस्टिम टेस्ट चालवून फोनची ओळ ‘ओके’ येते का ते पाहायचे, ही बसवणाऱ्याची शेवटची पायरी.

डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारे ब्रॉडबँड, आल्यावर नवी कटकट सुरू झाली. आवाज सुमारे 4 किलोहर्ट्झच्या आत असतो, डीएसएल त्याच तारेवर 25 किलोहर्ट्झच्या वर चालते. त्यामुळे प्रत्येक फोनप्रमाणे प्रत्येक बॉक्सच्या वाटेतही फिल्टर हवा. एका खोलीत एक फिल्टर लावायचा राहून गेला तर तिथला मोडेम अडखळे आणि घरभरचे इंटरनेटही मंदावे. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर तर मोडेमचे सूर दाबले जाऊन तुटत, आणि एरवी व्यवस्थित चालणारा बॉक्स ‘लाइन नाही’ म्हणे. विजेच्या कडकडाटात टेलिफोनच्या तारेतून येणारा झटका मोडेम जाळून टाकी, तेव्हा लाइनलाही संरक्षण देणे शहाणपणाचे होते.

ब्रिटनमध्ये गोष्ट थोड्या वेगळ्या वाटेने गेली. स्काय डिजिटल 1 ऑक्टोबर 1998 ला सुरू झाले आणि 1999 मध्ये त्याचा बॉक्स, म्हणजे डिजिबॉक्स, फुकट मिळू लागला. हा फुकटपणा ज्या कंपनीच्या पैशावर उभा होता, तिच्यात स्काय चालवणाऱ्या बीएसकायबीबरोबर ब्रिटिश टेलिकॉम, एक बँक आणि मत्सुशिता ही जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी भागीदार होत्या. टीव्हीवरून खरेदी आणि बँकेचे व्यवहार चालवायचा त्यांचा बेत होता. म्हणून पहिले 12 महिने बॉक्स फोनला जोडून ठेवणे करारातच होते. ‘ओपन’ नावाची ती खरेदी सेवा 2001 मध्ये गुंडाळली गेली, वायरीची अट मात्र एकाहून जास्त खोल्यांसाठीच्या ‘मल्टिरूम’ योजनेत टिकली: जादा बॉक्स महिना 10 पौंडांत, पण सगळे एकाच लाइनवर. तिथल्या जॅकमध्ये 2 आणि 5 क्रमांकाच्या खुंट्यांवर बोलणे जाते आणि 3 वर घंटीची तार असते. बॉक्ससाठी खोल्याखोल्यांत वाढवलेली ही तिसरी तार ब्रॉडबँडमध्ये गोंगाट आणते. ती सोडवून ठेवल्यावर वेग सुधारल्याचा अनुभव अनेकांना आला.

माझ्या मते या अटीने प्रामाणिक ग्राहकाला नाहक छळले. बॉक्स दुसऱ्या घरी लपवणारा माणूस पळवाट शोधतोच. भाड्याच्या खोलीत राहणारा, फक्त मोबाइल वापरणारा ग्राहक मात्र जादा पैसे भरत राहिला. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणानुसार 2008 च्या अखेरीस पाचातले एक घर केवळ मोबाइलवर होते, आणि 2016 च्या उत्तरार्धात निम्म्याहून अधिक. अट कायम ठेवायला लँडलाइनच उरली नव्हती.

पुढे इंटरनेटने परतवाटेची जागा घेतली, आणि घराच्या ओळखीचा प्रश्न यंत्राच्या रचनेतच सुटला. डायरेक्टीव्हीच्या 2012 च्या ‘जिनी’मध्ये एक मुख्य बॉक्स आणि बाकी खोल्यांत त्याच्यावर अवलंबून असलेले छोटे बॉक्स अशी मांडणी आली. स्वतःचा ट्यूनर (वाहिनी पकडणारा भाग) नसलेला छोटा बॉक्स मुख्य बॉक्सपासून तोडून दुसऱ्या घरी नेला तर त्यावर काहीच दिसत नाही. स्कायनेही 2016 मध्ये ‘स्काय क्यू’मध्ये तीच दिशा घेतली.

भारतात डीटीएच, म्हणजे थेट घरी येणारी उपग्रह सेवा, 2003 मध्ये आले आणि 2004 मध्येच मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली. त्यामुळे इथल्या बॉक्सला फोनच्या वायरीची सवय कधी लागलीच नाही. पॅक बदलायला एसएमएस, मिस्ड कॉल आणि नंतर अ‍ॅप आले. दुसऱ्या टीव्हीच्या दराबाबत ट्राय या दूरसंचार नियामकाने 2020 मध्ये दुरुस्ती करून नेटवर्क शुल्क पहिल्या टीव्हीच्या 40 टक्क्यांपर्यंत मर्यादित केले, आणि त्यासाठी बॉक्सने कुठूनही फोन लावून दाखवण्याची अट घातली नाही.