मॅन्युअल कंट्रोल कॅमेऱ्यात कसे आले आणि मेनूत कसे जाऊन बसले

नवीन डिजिटल कॅमेरा घेताना बहुतेक जण "मॅन्युअल आहे ना यात?" म्हणजे सगळी सेटिंग आपल्या हाताने लावता येतात ना, एवढंच विचारतात, दुकानदार डायलवरचा एम (मॅन्युअल) दाखवतो आणि विषय तिथेच संपतो. पण आमच्याकडे सिंधुदुर्गात जत्रा, दशावतार, रापण (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी) असलं शूट करणाऱ्यांना नंतर कळतं की एम असणं वेगळं आणि ऐन वेळी तो हाताशी असणं वेगळं. हा फरक कुठून आला ते बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

मुळात ऑटो असं काही नव्हतंच. १९२५ मध्ये लायपझिगच्या प्रदर्शनात लायका आला, ३५ एमएम फिल्मचा छोटा कॅमेरा, त्यात अ‍ॅपर्चर, शटर, फोकस सगळं हातानेच आणि उजेड मोजणारा मीटरसुद्धा नाही. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडं, शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा. मग उजेड मोजायचा कसा, तर डोळ्याने. पुढे फिल्मसोबत कागद यायला लागला, त्यावर ऊन, ढग, सावली यांची चित्रं आणि समोर आकडे, भर उन्हात एफ १६ (अ‍ॅपर्चरचा आकडा, मोठा म्हणजे भोक लहान) आणि शटर फिल्मच्या स्पीडच्या (फिल्मला किती कमी उजेड पुरतो तो आकडा) आसपास, म्हणजे १०० ची फिल्म असेल तर १/१२५, आणि पांढऱ्या पुळणीवर उभं राहून काढायचा तर अजून एक स्टॉप बंद, म्हणजे उजेड निम्मा. हा हिशोब आजच्या डिजिटललाही तसाच्या तसा लागू पडतो, तारकर्लीला दुपारी करून बघा.

घरगुती कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, बडोद्यात बनायचा, १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो, आणि सेटिंग दोनच, ऊन नाहीतर ढग. म्हणजे ज्याला फोटोग्राफी शिकायची नाही त्याला कंट्रोल द्यायचेच नाहीत, ही वाटणी तेव्हाही होती. डिजिटलमध्येही हीच वाटणी पुढे आली.

१९६३ चा टॉपकॉन आणि १९६४ चा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक हे लेन्समधून आलेला उजेड मोजायला लागले. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) काटा दिसायचा, रिंग फिरवून तो मध्ये आणायचा की उजेड बरोबर, किंवा मुद्दाम आणायचा नाही. मला विचाराल तर शिकायला याच्याइतकी चांगली रचना पुन्हा झाली नाही, कारण कॅमेरा फक्त सांगायचा, ठरवणारे तुम्ही. मग १९७६ ला कॅननचा एई-१ आला, त्यात मायक्रोप्रोसेसर, शटर तुम्ही लावा अ‍ॅपर्चर तो लावणार, आणि दोनच वर्षांनी ए-१ मध्ये प्रोग्रॅम मोड, दोन्ही तोच लावणार. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने ऑटोफोकस तर आणलाच, पण शटरची डायल काढून तिथे बटणं बसवली. खरा बदल मला इथे झालेला दिसतो, आकडा बोटाखालून गेला आणि छोट्या डिस्प्लेवर गेला. पुढच्याच वर्षी कॅनन टी ९० मध्ये तर्जनीखाली फिरणारं चाक आलं, आज बऱ्याच डीएसएलआरवर (लेन्स बदलता येणाऱ्या, आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर) असतं तेच.

डिजिटलची सुरुवात १९७५ ची, कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने बनवलेला कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. १९९९ चा निकॉन डी १ पेपरवाल्यांसाठी होता, २.७ मेगापिक्सेल, त्यात फिल्म एसएलआरसारखेच कंट्रोल. सामान्य माणसाच्या हातात मॅन्युअल आला तो छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांमधून, कॅननचा २००० चा जी १, मग २००३ चा ए ७०, ३.२ मेगापिक्सेल आणि साध्या पेन्सिल सेलवर चालणारा. स्वस्तात एम मिळाला हे मोठंच काम झालं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण सगळं बाणाच्या बटणांनी स्क्रीनवर बघत करायचं, आणि किनाऱ्यावरच्या उन्हात ती स्क्रीन दिसतच नाही. शिवाय सेन्सर नखाएवढा, त्यामुळे अ‍ॅपर्चर २.८ केलं काय आणि ८ केलं काय, मागचं फारसं ब्लर होत नाही, आणि आयएसओ (फिल्मच्या स्पीडचा तोच आकडा, इथे सेन्सरसाठी) जेमतेम ४०० पर्यंत.

आयएसओवरून आठवलं, डिजिटलने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. फिल्ममध्ये एकदा १०० चा रोल टाकला की तो संपेपर्यंत १०० च, आता प्रत्येक फोटोला बदलता येतो, म्हणजे हातात फिरवायच्या गोष्टी दोनाच्या तीन झाल्या.

२००३ ला कॅनन ३०० डी हा डीएसएलआर आला, अमेरिकेत हजार डॉलरच्या आत, पण चाक एकच, मॅन्युअलमध्ये अ‍ॅपर्चर बदलायला एक बटण दाबून धरून तेच चाक फिरवायचं. २००४ च्या निकॉन डी ७० ला दोन चाकं होती. कागदावर दोन्हीकडे मॅन्युअल, पण रात्री दोनला मार्गशीर्षातल्या जत्रेत दशावतार चालू असताना फरक कळतो. समोरून प्रखर उजेड, मागे मिट्ट काळोख, रंगवलेला चेहरा फ्रेममध्ये जेमतेम एवढासा. ऑटोला काळोखच दिसतो, तो एक्स्पोजर वाढवतो आणि राजाचा चेहरा पांढरा फटक होतो, भुवया, गंध सगळं जातं. तिथे आयएसओ १६००, एफ २.८, १/१०० च्या आसपास लावून ठेवलं की काम होतं. १/१०० अशासाठी की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि जास्त फास्ट शटरला फोटोत पट्टे येतात. लढाईच्या सीनला मात्र तलवार हलणारच, ते मान्य करायचं नाहीतर पट्टे. हे सगळं अंधारात, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून, स्टेजवरून नजर न काढता करायचं असतं.

२०११ मध्ये फुजीच्या एक्स १०० ने शटरची आकडेवाली डायल वर आणि अ‍ॅपर्चरची रिंग परत लेन्सवर आणली, कॅमेरा बंद असतानाही सेटिंग दिसते. २०१२ चा सोनी आरएक्स १०० खिशात मावणारा, सेन्सर एक इंची आणि लेन्सभोवती फिरणारी रिंग. फोनमध्येही आता प्रो मोड असतो, पण बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर फिक्स, तिथे शटर आणि आयएसओ एवढंच तुमच्या हातात राहतं.