हजार प्रती आणि उरलेली चार मिनिटं

जानेवारी १९७७मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक रॉक बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या खेपेला प्रती छापल्या जेमतेम हजार. रात्री उशिरा निवेदक जॉन पीलचा बीबीसी रेडिओवरचा कार्यक्रम आणि लंडनच्या रफ ट्रेडसारखी (१९७६) थोडी दुकानं सोडली, तर असं संगीत कानावर पडायला फारशी जागाच नव्हती. एखाद्याकडे रेकॉर्ड असायची, बाकीच्यांकडे तिची कॅसेट.

फिलिप्सची ही कॅसेट १९६३ची. हातोहात देवाणघेवाणीत भाव होता सी-९०ला, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटंवालीला. एलपी साधारण चाळीस मिनिटांची, त्यामुळे पूर्ण अल्बम एका बाजूवर बसायचा आणि शेवटी चार-पाच मिनिटं उरायची. कोरी टेप कोण वाया घालवणार? तिथे भलत्याच कुणा बँडचं एखादं गाणं भरलं जायचं. मागितला होता अल्बम, पण जीव जडायचा या शेपटातल्या गाण्यावर. सी-१२०मध्ये जागा जास्त, पण टेप फार पातळ. ती ताणली जाते, रोलरभोवती गुंडाळली जाते, म्हणून जाणकार तिच्या वाटेला जात नसत.

भरण्यातही खाचाखोचा होत्या. सुरुवातीच्या साध्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर काहीच उमटत नाही. चाकात पेन्सिल घालून तपकिरी टेप दिसेपर्यंत फिरवलं नाही, तर पहिल्या गाण्याचं तोंडच उडतं. भरून झालं की मागच्या कडेची चिमुकली पट्टी मोडायची, म्हणजे चुकून पुसलं जात नाही. पुन्हा भरायचं असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टी. डॉल्बी म्हणजे टेपची सूं-सूं कमी करणारी सोय. ती लावून भरलेलं तिच्याविना वाजवलं तर आवाज चिरका होतो, उलट केलं तर बोदा. म्हणून ते कव्हरच्या कार्डावर लिहायचं.

कॉपीवरून कॉपी केली की दर वेळी सूं-सूं वाढते. शिवाय प्रत्येक डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या) हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन किंचित वेगळा, त्यात आधी झांजांची धार जाते. त्यामुळे कॅसेट कितव्या हातातून आली ते ऐकूनच कळायचं.

१९७९च्या पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन खाचा होत्या आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. सोबत ऐकण्याची इतकी नेटकी सोय नंतरच्या यंत्रांत फारशी दिसली नाही.

ही सवय इतकी रुजली की ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने १९८१मध्ये रफ ट्रेडबरोबर ‘सी८१’ ही कॅसेट काढली. १९८६च्या ‘सी८६’वर २२ बँड होते, आणि पुढे तेच नाव गिटारवाल्या इंडी पॉपच्या एका शैलीला चिकटलं.

१९९९मध्ये इंटरनेटवरून गाण्यांच्या फायली वाटून घ्यायचं नॅपस्टर आलं, २००८मध्ये बँडनी आपलं संगीत थेट विकायचं बँडकॅम्प. आता लिंक पाठवली की दहाव्या हातातही झांजा तशाच वाजतात. फक्त लिंकसोबत कार्ड येत नाही. अख्खा अल्बम पाठवायचा तर आधी कोणतं गाणं ऐकायचं, तेवढं तरी लिहून द्यावं लागतं.