जुना डिझेल गार्डन ट्रॅक्टर: आजच्या बाजारामागची पार्श्वभूमी

अमेरिकेत एक-दोन एकराच्या घराचं गवत कापायला जुना डिझेल ट्रॅक्टर शोधायला बसलं की ‘गार्डन ट्रॅक्टर’ या एकाच नावाखाली तीन निराळी यंत्रं समोर येतात. पहिलं, जॉन डिअरचं ४३० किंवा ४५५, नाहीतर कुबोटाच्या जी मालिकेतलं एखादं. दुसरं, २००० नंतरचं, कुबोटा बीएक्सच्या जातीचं, बहुतेक वेळा पुढे माती उचलायचा लोडर लावलेलं. तिसरं झगझगीत नव्या रंगाचं, कोऱ्या टायरांचं, मोहात पाडणाऱ्या किमतीचं आणि बॉनेटवर यानमार लिहिलेलं. तिन्ही डिझेलवर चालतात आणि तिन्हींनी गवत कापता येतं. पण बाजारात ती तीन वेगळ्या वाटांनी आली. सुटे भाग मिळणार का, पोटाखाली डेक, म्हणजे गवत कापणाऱ्या पात्यांचं कवच, बसणार का, उतारावर चालवणारा सुरक्षित राहणार का, हे त्या वाटेवरच ठरून गेलेलं असतं.

घोळ नावापासूनच आहे. नाशिककडे ‘बागेतला ट्रॅक्टर’ म्हटलं की द्राक्षाच्या दोन ओळींमधून ब्लोअर घेऊन जाणारा अरुंद ट्रॅक्टर डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत त्याचा अर्थ वेगळा. तिथे लॉन ट्रॅक्टर म्हणजे फक्त गवत कापणारं, पत्र्याच्या हलक्या चेसिसचं यंत्र. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे ज्याचा मागचा गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल नांगर, रोटाव्हेटर, बर्फाचा ब्लोअर यांचा ताण सोसतो ते. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून विकणारे दुसऱ्याचं नाव पहिल्याला सर्रास चिकटवतात. मागची चाकं पाच-पाच नटांनी हबला बसवलेली आहेत, की शाफ्टवर सरकवून क्लिप लावलेली आहेत, एवढं पाहिलं तरी बरंचसं कळतं.

सुरुवातीच्या काळात डिझेलचा फारसा संबंध नव्हता. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १९६१ चा, जॉन डिअरचा ११० हा १९६३ चा. दोन्हींत हवेने थंड होणारं एका सिलिंडरचं कोहलर पेट्रोल इंजिन होतं. ती यंत्रं आजही चालतात, त्यांचे शौकीनही आहेत, पण डिझेलची गोष्ट त्यांच्यापाशी सुरू होत नाही.

ती सुरू होते जपानमध्ये. भातखाचरं लहान, बांध जवळजवळ, म्हणून तिथल्या कारखान्यांनी पाण्याने थंड होणारी दोन-तीन सिलिंडरची इवलीशी डिझेल इंजिनं बनवण्यात हातखंडा मिळवला. कुबोटाने १९६९ मध्ये एल२०० अमेरिकेत आणला. १९७७ मध्ये जॉन डिअरने ८५० आणि ९५० हे ट्रॅक्टर यानमारकडून बनवून घेऊन आपल्या हिरव्या रंगात विकायला काढले. निर्णय त्या वेळी व्यापारी सोयीचा होता, पण जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याला आज तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो. कारण पुढे गार्डन ट्रॅक्टरलाही हीच रीत लागू झाली. १९८४ ते १९९२ मधल्या ४३० मध्ये यानमारचं तीन सिलिंडरचं २० अश्वशक्तीचं इंजिन आहे. १९९३ ते २००१ मधल्या ४५५ मध्येही यानमारच, २२ अश्वशक्तीचं. कब कॅडेटच्या डिझेल मॉडेलांत कुबोटाचं इंजिन. म्हणजे बॉनेटचा रंग कोणताही असो, इंजिनाच्या ब्लॉकवरची पाटी वाचायची. इंजिनाचे भाग बहुधा मिळतात. अडतं ते ट्रॅक्टरचं बाकीचं अंग: डेकचं कवच, हुड, सीटखालचे स्विच, पीटीओचा, म्हणजे अवजाराला इंजिनाचा जोर देणाऱ्या शाफ्टचा, क्लच. ज्या कंपन्या बंद पडल्या किंवा हात बदलून गेल्या त्यांच्या बाबतीत हे फारच खरं.

याच काळातल्या एका फरकामुळे डिझेलचा भाव टिकून आहे. ४५५ च्याच मालिकेतल्या ४२५ या पेट्रोल मॉडेलच्या कावासाकी इंजिनात कॅमचे गिअर प्लॅस्टिकचे होते. वय झालं की ते ठिसूळ होऊन तुटतात आणि इंजिन खोलावं लागतं. ४५५ ला हे दुखणं नाही. त्याचं दुखणं रेडिएटर. बारीक कापलेलं गवत आणि धूळ जाळीत बसते, हवा अडते, इंजिन तापतं आणि शेवटी हेड गॅस्केट जातं. म्हणून बॉनेट उघडल्यावर आधी रेडिएटरच्या फिनांमधून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावं, मग रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते. दोन्ही गोष्टी इंजिन थंड असतानाच.

आता तिसऱ्या वाटेकडे, म्हणजे ग्रे मार्केटकडे. तिथल्या एका निर्णयावर इतकं उलटसुलट बोललं जातं की तो नीट समजून घेतलेला बरा.

जपानमध्ये वापरून काढलेले छोटे ट्रॅक्टर कंटेनर भरभरून अमेरिकेत येऊ लागले. माल खरा होता, बनावट नव्हता. नावही खरं. फक्त तो जपानच्या बाजारासाठी बनलेला होता आणि कंपनीच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांना वळसा घालून आत येत होता. कुबोटाने याविरुद्ध अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे दाद मागितली. १९९७ मध्ये आयोगाने पीटीओवर ५० अश्वशक्तीपेक्षा कमी असलेल्या, कुबोटाचं नाव लावलेल्या अशा ठरावीक जुन्या मॉडेलांच्या आयातीवर बंदी घातली. आयातदार अपिलात गेले, आणि १९९९ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने बंदी कायम केली.

आयातदारांचा युक्तिवाद साधा होता: जुना माल घेणाऱ्याला तो जुना आहे हे दिसतंच, मग फसवणूक कसली? आयोगाचा प्रश्न वेगळा होता. एकाच नावाखाली विकलेल्या दोन मालांत गिऱ्हाइकाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आहे का? फरक होते. भातखाचरासाठीचे ट्रॅक्टर हलके, अरुंद, लहान जागेत वळणारे. भार झेलणारे काही भाग कमी मजबूत. पीटीओचे वेग वेगळे. धोक्याच्या सूचनांच्या पाट्या जपानीत. पाट्या इंग्रजीत नसणं हाच मोठा फरक मानला गेला, आणि ते रास्तच होतं. पीटीओचा दांडा चालू कुठे आणि बंद कुठे हे न वाचता आलेला माणूस फिरत्या शाफ्टजवळ उभा असतो. शिवाय हे ट्रॅक्टर बिघडले की गिऱ्हाईक जवळच्या अधिकृत विक्रेत्याकडेच जायचं. त्याच्याकडे भाग नसायचे आणि नाव खराब व्हायचं कंपनीचं.

या निर्णयाला ‘विक्रेत्यांचं दुकान वाचवणारा’ म्हणून नावं ठेवली जातात. दुकान वाचलं, हे खरंच आहे. पण उतारावर गवत कापणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर पारडं आयोगाकडे झुकतं. अमेरिकेत १९८५ नंतर २० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान आणि पट्टा बसवून देण्याची रीत रुळली. खाचरातून आलेल्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना कमान नव्हतीच. अरुंद चाकांवरचा बिनकमानीचा ट्रॅक्टर सपाट चिखलात ठीक, तलावाच्या काठच्या उतारावर नाही.

गैरसमज मात्र एक राहिला, की असले सगळेच ट्रॅक्टर बंद झाले. खरं तर बंदी कुबोटा या नावापुरती होती. यानमार, इसेकी वगैरेंचे जुने ट्रॅक्टर त्यानंतरही येत राहिले. काही व्हिएतनाममध्ये रंगरंगोटी, नवे टायर, नवे स्टिकर लावून आले. म्हणून आजच्या जाहिरातीतल्या त्या झगझगीत यानमारचा रंग नवा असला तरी त्याने आतल्या गिअरचं काहीच सांगून होत नाही. अवर मीटरवरचा आकडाही पुरावा नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलची झीज, अवजार जोडायच्या मागच्या लिंकच्या भोकांचा अंडाकृती आकार आणि स्टिअरिंगचा मोकळा फेर पाहावा. मीटर ३०० तास म्हणत असेल आणि पेडल गुळगुळीत झालं असेल, तर पेडलवर विश्वास ठेवावा.

गवत कापण्याच्या कामासाठी या ट्रॅक्टरांत आणखी तीन अडचणी आहेत. एक, बहुतेकांना मधला पीटीओ नाही, म्हणून पोटाखाली डेक बसत नाही. मागे ओढायचं फिनिश मोव्हर, म्हणजे गवत कापायचं वेगळं यंत्र, लावावं लागतं, आणि झाडांभोवती फिरवताना त्याची लांबी नडते. दोन, मागच्या पीटीओला तीन-चार वेग असतात. अमेरिकेतलं घरगुती मोव्हर मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनलेलं असतं. पहिला वेग त्याच्या जवळपास असतो, वरचे बरेच पुढे. चुकून वरचा वेग पडला की मोव्हरचा गिअरबॉक्स, बेअरिंगं आणि पाती क्षमतेबाहेर फिरतात. तीन, आणि ही जिवावर बेतणारी: पीटीओ बऱ्याचदा ‘लाइव्ह’, म्हणजे चाकांच्या गिअरबॉक्सापासून स्वतंत्र, नसतो. क्लच दाबला की इंजिनाचा संबंध तुटतो, पण फिरत्या पात्यांचा जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्सात येऊन चाकांना ढकलत राहतो. कुंपणापाशी क्लच दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाही. उपाय स्वस्त आहे: ओव्हररनिंग क्लच. पीटीओच्या सहा खाचांच्या १ ३/८ इंची शाफ्टवर तो बसतो आणि जोर एकाच दिशेने जाऊ देतो. त्याने शाफ्टची लांबी काही इंचांनी वाढते. तेव्हा मोव्हरचा शाफ्ट तेवढा कापून घ्यावा लागतो, नाहीतर मोव्हर उचलताना तो आतवर टेकून बेअरिंग फोडतो.

२००० च्या सुमारास कुबोटाने बीएक्स१८०० आणि बीएक्स२२०० आणले, आणि ‘सब-कॉम्पॅक्ट’ हा नवा वर्ग तयार झाला. चारही चाकांना जोर, मधला आणि मागचा असे दोन पीटीओ, लोडर, कमान, आणि तरीही ५४ किंवा ६० इंची डेक पोटाखाली. मातीकाम करणारे तिकडे गेले. नुसतं गवत कापणारे जागच्या जागी वळणाऱ्या झिरो-टर्नकडे. मधला डिझेल गार्डन ट्रॅक्टर दोन्हीकडून दाबला गेला. जॉन डिअरच्या एक्स७४८ सारखी मॉडेलं पुढेही निघाली, पण महाग आणि थोडी.

मग धुराचे नियम आले. १९ किलोवॉटच्या, म्हणजे साधारण २५ अश्वशक्तीच्या खाली, काजळीची मर्यादा २००८ पासून किलोवॉट-तासाला ०.४० ग्रॅम. त्याच्या वर, ३७ किलोवॉटपर्यंत, २०१३ पासून ०.०३. वरच्या गटात त्यासाठी काजळीचा फिल्टर आणि तो अधूनमधून तापवून जाळण्याची व्यवस्था आली. घरगुती वापरात इंजिन अर्धा तास चालून बंद होतं, फिल्टरला पुरतं तापायला वेळच मिळत नाही. छोट्या ट्रॅक्टरांच्या जाहिरातीत २३-२४ अश्वशक्तीचे आकडे सारखे दिसतात, त्याचं मोठं कारण ही रेषा. घरच्या गवतासाठी तिच्या खाली राहिलेलंच बरं.

इंधनही बदललं. शेत-बांधकामाच्या डिझेलमधलं गंधक २००७ पासून दशलक्षात ५०० भागांवर आणि २०१० पासून १५ भागांवर आणलं गेलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले सुगंधी हायड्रोकार्बनही कमी होतात. जुन्या इंधनात वर्षानुवर्षं फुगून बसलेली नायट्राइल रबराची सीलं नव्या इंधनात आकसतात आणि पंप पाझरायला लागतो. ४३० च्या वयाच्या कुठल्याही यंत्राला हे होऊ शकतं.

म्हणून पाहायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवावं की इंजिन गरम करून ठेवू नका. पोचल्यावर ब्लॉकला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. हीटर प्लगला दहा-पंधरा सेकंद द्यावेत आणि सेल्फ मारावा. निरोगी इंजिन दोन-तीन फेऱ्यांत लागतं, थोडा पांढरा धूर येतो आणि मिनिटभरात विरतो. पांढरा धूर टिकला तर प्लग, नोझल किंवा कॉम्प्रेशन. निळा असला तर ऑइल जळतंय. चालत्या इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करून ठेवावं. ते थरथरलं तर चालेल, उडायला लागलं तर रिंगा गेल्या. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, गिअरची परीक्षा मात्र अर्ध्या तासाने, तेल तापल्यावर, चढावर घ्यावी. थंड तेलात झिजलेला पंपही जोर दाखवतो. इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून, डेकखाली प्रत्येक पातं हाताने वर-खाली हलवावं. खडखड वाटली तर स्पिंडलचं बेअरिंग. डेकच्या कवचाला स्क्रू-ड्रायव्हरने टोचावं, रंगाखालचा गंज तेव्हाच कळतो. लोडर असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलची मधली पिन आणि बुश जरूर हलवून पाहावेत. तो भार मुळात त्यांच्यासाठी नसतोच.

शेवटी इंजेक्शन पंप कापडाने कोरडा पुसून दहा मिनिटं इंजिन चालवावं आणि पुन्हा पुसून पाहावं. बाहेरून पाझर दिसला तर ती सोपी गळती. आतली अवघड, ती दिसत नाही. इंजिन बंद करून ऑइल खाली बसू द्यावं, मग डिपस्टिक ओढून वास घ्यावा. पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि वास डिझेलचा असेल तर पंपाचं आतलं सील गेलंय, डिझेल ऑइलमध्ये उतरतंय आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खातंय. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू करून पाहू नये. पंप उतरवून व्हिटॉनची, म्हणजे नव्या इंधनात टिकणाऱ्या रबराची, नवी सीलं टाकणं आणि ऑइल-फिल्टर बदलणं, एवढा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी करावी.